डोहातली मोटर

तळेगावच्या स्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली. बाबा नदीत होते, म्हणून निघण्याआधी मीच तिकडे जाऊन आले. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वर्धा नदीची आमच्या गावापाशी नुसती रेती उरली होती आणि प्यायच्या पाण्यासाठी बाबा त्या रेतीत झिरा खोदत कमरेइतके खाली उतरले होते. मी वाकले तर म्हणाले, "जाय बेटा. इकडली फिकर करू नोको."

मस्कतच्या हॉस्पिटलात मी नर्स. इथे समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं. पहिले काही महिने शॉवर सुरू केला की मला लाज वाटायची. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना हे सांगावं लागणार नाही.

मी निघाले त्याच उन्हाळ्यात गावाच्या खालच्या अंगाला एकच डोह शिल्लक होता. त्यावर चार-पाच मोटरी चालायच्या, कोणाच्या संत्र्यासाठी, कोणाच्या भाजीपाल्यासाठी. त्यात एक बाबांची. एका सकाळी गुरं डोहावरून तहानलेलीच परतली, काठच्या चिखलात त्यांचे पाय रुतत होते. बाबांनी त्याच दिवशी आपली मोटर काढून घरी आणली. तोडणीला आलेली वांगी उभी वाळली. मग ते इतरांकडे मोटरी काढा म्हणून सांगायला गेले. शेजारचे गुलाबकाका म्हणाले, "तुही पोरगी परदेशात कमावून राह्यली. तुले वांगे सुकले तरी चालते. मी माही बाग काऊन मारू?"

आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी ड्युटीवर होते. ते शब्द दिवसभर बोचत राहिले. संध्याकाळी बाबांना म्हटलं, "लावा मोटर परत. तुम्हीच काऊन ऐकून घ्यायचं?"

"ढोरं कोठी पाणी पेतीन?" एवढंच बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

एकेक करून बाकीच्यांनी मोटरी काढल्या. गुलाबकाकांनी सगळ्यात शेवटी. त्यांची अर्धी बाग गेली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, ते पुढचा पावसाळा बरा होऊनही सुरू झालं नाही.

या वर्षी हिवाळा सरता सरता मी सुटीवर आले. सलग दोन पावसाळे चांगले झालेत. नदी दोन्ही काठांना भिडत नाही, पण मधून वाहते, पोटरीइतकी, स्वच्छ. आणि रेतीवर कित्येक वर्षांनी डांगरवाडी लागलीय. टरबुजाचे वेल लांबवर पसरलेत. त्यात बाबा वाकून खत घालत होते आणि त्यांच्या मागे हंड्याने पाणी देत गुलाबकाका. ही वाडी दोघांनी मिळून केली होती. कोण आधी बोललं, ते दोघंही सांगत नाहीत.

काकांनी मला पाहिलं, हंडा खाली ठेवला. "तुह्या बापाले मी लय बोललो होतो, बाई." मी काही म्हणायच्या आत बाबाच म्हणाले, "पाणी टाक, गुलाब. आळं कोरडं राह्यलं."

पूर्वी घर म्हणजे मला काळजी वाटायची, लांबून वाहायची. निघायच्या दिवशी बाबांनी विचारलं, "आता कव्हा येशीन?"

"पुढच्या हिवाळ्यात."

"मंग चार आळे तुह्यासाठी ठेवतो. बी तूच लावजो."

मी रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवलाय.