सोप्यातल्या म्हातारीला हार

सांगू की नको, असा विचार बरेच दिवस चालला होता. पण आता गावभर झालंच आहे, तर तुम्हीही माझ्याच तोंडून ऐका.

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याकडचं. स्वभाव अबोल. नव्या घरात विचारत बसण्यापेक्षा बघून समजून घ्यावं, असं माझं मत. त्याचा थोडा गर्वही होता.

सासरी पुढच्या सोप्यात, दारासमोरच, एका म्हातारीचं रंगवलेलं चित्र आहे. नऊवारी लुगडं, बसलेले गाल, कपाळाला आठ्या. नजर अशी, की चहात साखर जास्त पडली तर तिला आधी कळावं. कोण असेल ही? केर काढताना मी रोज तिला थोडी थोडी वाचायची. कपाळी ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. म्हणजे अहेव गेलेली. हनुवटी आबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या वळणाची. म्हणजे त्यांची आई. बघा, कुणाला एक शब्द विचारावा लागला का?

पितृपक्षात सासूबाई म्हणाल्या, "उद्या नवमी. आत्याबाईंचं पान ठेवायचं हाय. शालनला सवाष्ण सांगितलीया."

नवमी म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. आणि सासूला आमच्याकडे जुन्या बायका आत्याबाई म्हणतात. झालं, माझा अंदाज पक्का.

सकाळी सासूबाई वड्यांच्या पिठात गुंतलेल्या. मी परसातला झेंडू तोडला, हार ओवला, स्टुलावर चढून चित्राला घातला. उदबत्ती लावली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

आधी आल्या शेजारच्या शालनवहिनी. त्यांनी चित्र बघितलं आणि स्वयंपाकघराकडे हाक दिली, "आवं काकी, तुमी कवा गेलासा? आमाला कळीवलं बी न्हाई."

सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. हार बघितला. उदबत्ती बघितली. मला बघितलं.

"कुणाचं वाटलं गं तुला ह्ये?"

"आबांच्या आईंचं."

"मी हाय ती. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं, तवा ह्येंनी सुट्टीवर येऊन काढलं."

आता माहेरी फोन जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. पण सासूबाई वळल्या त्या आबांकडे. आबा फौजेतून निवृत्त झालेले. ते पेपर खाली ठेवून उठलेच होते.

"बघा. तवापासनं सांगतीया, म्हातारी काढलीसा म्हणून. तुमचं आपलं एकच, हुबेहूब हाय. आज पोरीनं पार घाट दावला मला."

आबांचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. आणि एरवी गप्प असणाऱ्या मी तोंड उघडलं.

"नाही आई, आता मात्र अगदी हुबेहूब दिसतं."

शालनवहिनींनी तोंडात पदर कोंबला. आबा मात्र खुलले. "व्हय ना? नजर हाय पोरीला. आता तुजं बी काढतो."

तेव्हापासून दुपारी मी सोप्यात खुर्चीवर बसते, न हलता. चित्र हनुवटीपर्यंत आलंय. सासूबाई येता-जाता कॅनव्हासकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि खूश होऊन आत जातात.

काल त्यांनी स्वतः कपबशी आणून माझ्यासमोर धरली.

"घ्या आत्याबाई, च्या घ्या."