मीटरमामांनी दिलेला शब्द

मीटरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, मीटरकडे बघत. फाटकाशी थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, पेटीपाशी वाकून मीटरचा लाल दिवा किती वेळानं लुकलुकतो ते बघायचे आणि मगच हाक मारायचे, "हाय का घरात कुणी?" सगळी नोकरी घरोघरचे मीटर वाचण्यात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना मीटरमामाच म्हणत.

नोकरीत असताना एकाही घराचा आकडा आपण अंदाजानं लिहिला नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. घराला कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, कुत्रं सोडलेलं असलं तर मालक येईपर्यंत समोरच्या ओट्यावर बसून राहायचे. सोबतचे लोक हसायचे. मामा म्हणायचे, "न बघता लिहिलेला आकडा म्हंजे थाप. कागदावर लिहिली म्हणून खरी होती का?"

आमच्या घराशी त्यांचं नातं जुळलं ते आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. ओतकामाच्या भट्टीवर आयुष्य काढलेलं, त्यात फुप्फुसं निकामी झाली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेही रात्रंदिवस. एका कोपऱ्यात ते घरघरत असायचं आणि त्याची नळी आबांच्या नाकाला. नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर, मी दुपारी बालवाडीत शिकवायला. माझ्या मागं घरात आबा आणि ते मशीन, दोघंच.

एकदा बालवाडीतून परतताना मामांनी मला फाटकाशीच अडवलं.

"पोरी, तू गेलीस की तुमच्या मीटरचा दिवा सावकाश लुकलुकतो. तीन-चार दिवस बघतोय. घरात काय बंद होतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही मामा. पंखा आणि मशीन चालूच असतं."

"एक काहीतरी बंद होतंय. आबाला विचार."

विचारलं तर आबांनी मान खाली घातली. मी बाहेर पडले की ते उठून मशीन बंद करायचे आणि माझी यायची वेळ झाली की पुन्हा लावायचे. विजेचं बिल आलं की माझा आणि नवऱ्याचा चेहरा कसा होतो, ते त्यांनी पलंगावरून पाहिलं होतं. "एवढ्या वेळाचं माझं भागतं," म्हणाले. भागत नव्हतं. बोटांची नखं निळसर पडली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मामा बाहेर आबांशी इकडचं तिकडचं बोलत राहिले, मशीनचा विषयसुद्धा त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी घेऊन आले आणि सरळ गच्चीवर चढले. सावली कुठून कुठं सरकते ते दिवसभर बघितलं. संध्याकाळी म्हणाले, "तुमची गच्ची लई झकास. सोलार बसवून घ्या. आबाचं मशीन उन्हावर चालू द्या." अर्ज त्यांनी भरला, नवं मीटर बसेपर्यंत वीज कंपनीच्या कचेरीत तेच खेटे घालत राहिले. पॅनल बसले त्या दिवशी आबांना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. वर बघत आबा म्हणाले, "वरून येतंय व्हय? मग चालू राहू दे." त्यानंतर त्यांनी मशीनच्या बटणाला हात लावला नाही. आमचं पाहून गल्लीतल्या आणखी सात घरांनी मामांना गच्ची दाखवली आणि सोलार बसवून घेतलं.

मी मामांना एक गोष्ट विचारली होती. लाइट गेली तर म्हणून आम्ही ऑक्सिजनचा एक सिलिंडर भाड्यानं आणून ठेवला होता. "आता तो परत करू का?"

"बेलाशक कर," मामा म्हणाले. "आपल्याकडं लाइट जाती ती दिवसाच. डोक्यावर ऊन असताना घरात लाइट कशी जाईल?" मी सिलिंडर परत केला.

मेच्या सुट्टीत मी घरी होते. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. भर दुपारी मशीनची घरघर एकदम थांबली. पंखाही थांबला. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि घरात सगळं बंद. बटणं दाबून पाहिली, काही नाही. आबा उठून बसले, तोंड उघडं टाकून श्वास ओढायला लागले. मी गल्लीत धावत जाऊन मामांना हाक मारली.

मामा आले, गच्चीखालच्या सोलारच्या पेटीकडे एकदा बघितलं आणि तसेच स्कूटरवरून गेले. जवळच्या दवाखान्यातून सिलिंडर घेऊन येईपर्यंत मी आबांना छातीशी धरून बसले होते. तो वेळ किती होता हे मला आजही सांगता येणार नाही. नळी लावली. हळूहळू आबांच्या ओठांवर रंग आला.

मग मामा दाराशी खाली बसले. सोलार बसवणाऱ्याला फोन लावून विचारलं आणि मग म्हणाले,

"बाहेरची लाइट गेली की हे सोलार आपोआप बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नाय म्हणून तसंच केलेलं असतं. मला ठाऊक नव्हतं, पोरी. मी विचारलं बी नाय. न बघता जबान दिली तुला."

मी म्हटलं, "जाऊ द्या मामा, वेळेवर आलात."

"जाऊ कसं देऊ?"

त्याच दिवशी ते उरलेल्या सातही घरी गेले. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, लाइट गेली की हेही जाईल, बॅटरी लागेल. एक-दोघांनी सुनावलं, ते ऐकून घेतलं. ऊन उतरल्यावर हातगाडा आमच्या फाटकाशी आला. त्यावर मामांच्या घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी. मागून मामी गाड्याला हात लावून चालत होत्या.

"अहो, मग तुमच्या घरी?" मी विचारलं.

मामीच बोलल्या, "आम्ही दोघंच म्हातारे. अंधारात बी एकमेकांना ओळखतो."

मामांनी ते आबांच्या पलंगामागं जोडलं. मग बाहेरचं मेन बटण स्वतः बंद करून मशीनपाशी स्टूल टाकून बसले, मशीन किती वेळ चालतं ते घड्याळ लावून बघत.

आता मामा-मामी देवगाव रंगारीला, आपल्या गावी राहतात. फोन करतात. पण मला ते आठवतात ते त्या मेनंतरच्या हिवाळ्यातल्या एका सकाळचे. आबा झोपेतच गेले होते. मशीन तसंच घरघरत होतं, नळीतून हवा येत होती, आणि ते बंद करायला माझा हात उठत नव्हता. मी मामांना बोलावलं. त्यांनी आबांची नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, नाकावरची नळी हळूच काढली आणि बटण बंद केलं. दोन वर्षांची घरघर थांबली.

"तुझी मामी चहा आणतीय. तू बस," म्हणाले आणि आबांच्या उशाशी मांडी घालून बसून राहिले. नवऱ्याला फोनवर मी फक्त 'लवकर या' एवढंच म्हणाले होते. फाटकापाशी त्याची गाडी थांबली तशी मी उठले. मामांनी मला हातानं थोपवलं.

"तू थांब, पोरी. त्याला मी सांगतो."