परवानगीची पऱ्हाटी

नांदुऱ्याजवळच्या आमच्या शेतातला एक तुकडा त्या वर्षी एका बियाणे कंपनीने चाचणीसाठी घेतला होता. अजून मंजुरी न मिळालेलं, तणनाशक मारलं तरी न मरणारं कपाशीचं, म्हणजे आमच्याकडच्या पऱ्हाटीचं, वाण. पण चाचणीला सरकारची परवानगी. भोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप आणि आम्हाला ताकीद: आतलं बोंडसुद्धा बाहेर जाता कामा नये.

सासूबाईंना मी सांगितलं होतं. पण बोंडं फुटली, आणि जाळीतून बाहेर आलेल्या फांद्यांचा कापूस त्यांनी ओट्यात वेचून आणला. सरकी काढून म्हशीपुढे टाकली आणि देवासाठी वाती वळल्या.

पाहणीला आलेल्या सरकारी अधिकारी बाई आणि कंपनीचा माणूस आमच्या ओसरीत पाणी प्यायला बसले, तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने वातींचा जुडगा बाईंच्या हातावर ठेवला.

"घ्या बाई, तुमच्याच कुंपनातला कापूस हाय."

बाई पाणी प्यायच्या थांबल्या. "आजी, यातली सरकी कुठे आहे?"

"म्हशीनं खाल्ली नं."

"सगळी?"

"आता तिच्या पोटात कोन पाह्यलं?"

त्याच म्हशीच्या दुधाचा चहा आम्ही सकाळी घेतला होता. मी घाबरून विचारलं, "मॅडम, दूध प्यायचं की नाही?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "काही होत नाही." बाई म्हणाल्या, "मी होही म्हणू शकत नाही, नाहीही." मग त्यांनी गोठ्यात सांडलेल्या सरक्या वेचल्या आणि वातींसकट पिशवीत बंद करून नेल्या.

दोन-तीन दिवस आम्ही काळा चहा प्यालो. कुणाकडूनच काही कळलं नाही, तेव्हा आपलं आपणच दूध सुरू केलं.

हंगाम संपल्यावर पाहणीच्या पथकासमोर तो सगळा तुकडा उपटून जाळला. सासूबाई धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभ्या होत्या.

"काऊन जाळून राह्यले वं? कीड लागली काय?"

"नाही. परवानगीची होती म्हणून," मी म्हणाले, आणि मलाच कळेना मी काय बोलले. कारण रस्त्यापलीकडच्या वावरात चोरून आणलेल्या, बिनपरवानगीच्या बियाण्याची तसलीच पऱ्हाटी कंबरेएवढी उभी होती आणि बाया ती वेचत होत्या. मी पथकातल्या त्याच अधिकारी बाईंना ती दाखवली.

"ते आमच्या पाहणीत येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचाही चेहरा गोंधळलेला वाटला.

चाचणीच्या नियमाप्रमाणे पुढच्या हंगामात तिथे कपाशी लावायची नव्हती, म्हणून आम्ही तूर पेरली. लोक विचारत, एवढ्या कसदार जमिनीत तूर काऊन? मी कधी नियम म्हणायची, कधी पिकांची फेरपालट.