खुब्यावरचा ठिपका

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हाडांचा स्कॅन होता. प्रोस्टेटची गाठ कॅन्सरची निघाली होती. सर्जननी सरळ सांगितलं होतं, हाडांत पसरलं नसेल तर ऑपरेशन, पसरलं असेल तर तो विषय बंद. म्हणून आम्ही बापलेक सकाळी आठलाच द्वारका चौकाजवळच्या स्कॅन सेंटरमध्ये हजर.

आप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जन्म मीटर वाचण्यात गेला, त्यामुळे आपल्याला विचारल्याशिवाय जगातलं एकही यंत्र चालत नाही, असा त्यांचा समज. हातात किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. तीन तासांत ते हाडांत मुरलं की गॅमा कॅमेरा फोटो काढणार. तोवर पाणी पीत राहायचं आणि लघवीला जाऊन यायचं, एवढंच यांचं काम. यांनी त्या वेळात टेक्निशियनला गॅमा कॅमेरा समजावून सांगितला. तो बिचारा रोज तोच चालवत होता. गाऊन घालायला मात्र साफ नकार.

"हा बायकी झगा मी घालायचा नाय."

राहिला घरचा पायजमा.

मॉलच्या दारात माझी पर्स मशीनमधून जाते, तेव्हा पडद्यासमोरचा माणूस मोबाइलवर रील बघत असतो. पर्समधून तोफ नेली तरी "चला मॅडम" म्हणेल. हा टेक्निशियन नेमका पडदा बघणारा निघाला. काचेपलीकडे आप्पांचा सांगाडा उमटला आणि उजव्या खुब्यावर काळाभोर ठिपका. कॅन्सर हाडात पोचला, असंच मी धरलं.

तो दार उघडं ठेवूनच आत गेला आणि हळूच म्हणाला, "बाबा, लघवीला गेले तेव्हा पायजम्यावर थेंब पडला का? औषध लघवीतून बाहेर येतं. कॅमेऱ्याला हाड कुठलं, कापड कुठलं, कळत नाही."

"नाय."

"थोडासा?"

"मी काय लहान पोर हाय का? कॅमेरा तपासा तुमचा."

"कपडे बदलून परत फोटो काढू ना."

"गरज नाय."

मला असा संताप आला की विचारू नका. कॅन्सर हाडात गेला तरी चालेल, ऑपरेशन हुकलं तरी चालेल, पण पायजमा भिजला हे मुलीसमोर कबूल करायचं नाही. आमच्या घराण्याची अब्रू ती एवढी, एका थेंबात वाहून जाणारी. हे सगळं तोंडावर सुनवायला मी आत गेले. आप्पांनी शर्ट खाली ओढून धरला होता. दोन्ही हातांनी, खुबा झाकेल असा.

"आप्पा, मघाशी बाटली माझ्या हातून कलंडली," मी म्हणाले. "तुमच्या मांडीवर पाणी सांडलं. तुमच्या लक्षात नाही आलं."

पाण्याने ठिपका उमटत नाही, हे तिथे तिघांनाही ठाऊक होतं. आप्पांनी तर त्यावर सकाळीच व्याख्यान दिलं होतं.

"मग बदलाच बाबा," टेक्निशियन म्हणाला, "ओल्यानं गारठाल."

आप्पांनी निमूट गाऊन घातला. दुसऱ्या फोटोत ठिपका नव्हता. हाडं स्वच्छ होती. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

ऑपरेशन झालं. आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा सांगतात, "हिच्या हाताला वळणच नाय. भर सेंटरात माझ्या अंगावर बाटली सांडली." पाहुणे माझ्याकडे बघून हसतात आणि मी मान हलवते. माझा बाप धडधडीत खोटं बोलतो, पण चहा भुरकत, समोर बसून बोलतो. मला तेवढं पुरे.