मंगलाष्टकात बोललेले भावजी

इकडे ये बघू, अशी जवळ बस. मोबाईल ठेव तो. 'धाकटे काका केसमधून कसेबसे सुटले' असं सासरी सांगून आलीस म्हणे? शहाणीच आहेस! अगं, चूक ऐकून गप्प बसणं ज्याला जन्मात जमलं नाही, असा माझ्या दिरांसारखा माणूस अख्ख्या बेंगळूरात दुसरा नाही. मिठाईच्या दुकानात शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगतील, "कालचं आहे हो, घेऊ नका." पाहुण्यांपुढे मी चकल्यांचं कौतुक करून घेत होते, तर हे मधेच, "वहिनी, विकतच्या ना त्या?" असं वाटलं, ताटच डोक्यात घालावं!

अशा माणसावर फसवणुकीचा खटला! दुसऱ्याच्या प्लॉटचे मालक बनून रजिस्ट्रार कचेरीत सही केली म्हणे. एका साक्षीदाराने भावजींकडे बोट दाखवलं. त्या सकाळी भावजी आमच्याबरोबर मारतहळ्ळीला लग्नात होते. मी आणि ह्यांनी शपथेवर सांगितलं, पण आम्ही पडलो घरचे. खालच्या कोर्टानं तुरुंगाची शिक्षा दिली.

अपिलाच्या वेळी वकीलबाई म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प ऐका. पोलिसांच्या कागदांत चूक आहे. तेवढ्यावर सुटाल."

"म्हणजे मी तिथे होतो, फक्त कागद चुकला?"

"हरलात तर आत जाल, अण्णा."

"जाईन. पण मी तिथे नव्हतो, हे कोर्टानं म्हणायला हवं."

आता परका साक्षीदार आणायचा कुठून? तर नवरीची आई! त्या लग्नात तिने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं, मुलगी पहिल्या नंबराने इंजिनीअर झाली वगैरे. भावजी पुढच्याच रांगेतून ओरडले, "दुसऱ्या!" तेव्हापासून बाई आमच्याशी बोलत नव्हती. भावजी म्हणाले, "त्यांचा समारंभ मी बिघडवला, कुठल्या तोंडानं सांगू?" मग मीच गेले. दारातच तिनं मला चांगलं सुनावलं, पण आली.

वरच्या कोर्टानं तिची साक्ष घेतली. "ह्यांना विसरेन कशी?" बाई कडाडली. "ऐन मंगलाष्टकात ओरडले, साहेब!"

जजसाहेबांनी विचारलं, "पण नंबर पहिला होता की दुसरा?"

बाईने पदर सारखा केला. हळूच म्हणाली, "दुसरा."

तोच भावजी उठले. "एकाच मार्काने हुकला, साहेब. तेही लिहून घ्या."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. बाई मात्र त्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली. निकालात स्पष्ट आलं, हा माणूस तिथे नव्हताच. ऐकताना माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! तेव्हा सुटले नाही म्हणायचं, खरे ठरले म्हणायचं.

एवढं होऊनही, केस चालू असताना जी माणसं यायची थांबली, ती थांबलीच बघ. भावजी संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. ज्याची चूक काढावी असं कुणी येतच नाही. व्हाइटफील्डहून हेब्बाळला यायला ट्रॅफिक आहे, सरी, ठीक आहे, मला कळतं. तरी पुन्हा ये गं या रविवारी, जावईबापूंनाही आण. आणि तासभर तरी भांड त्यांच्याशी.