निडी स्टेशनवर दिलेला फोन

पेणमध्ये लोक मला अजूनही गुरुजी म्हणतात. त्या शब्दाच्या आड मी एकदा लपलो होतो, ते लिहून ठेवायचं आहे.

निवृत्तीनंतर मला ऑनलाइन लिलावाचा नाद लागला. एकदा एक चांगला फोन फारच स्वस्तात सुटला. विकणाऱ्याच्या नावावर आधीचा एकही व्यवहार नव्हता, पावतीचं विचारलं तर तो उत्तर टाळत होता. हे दिसत असूनही मी पैसे पाठवले. फोन आला, चालू केला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'हा फोन हरवला आहे. यात माझ्या आईचे फोटो आहेत. कृपया कळवा.' खाली एक नंबर.

मी कळवलं नाही. विकणारा गायब झाला होता, आणि गुरुजी फसले म्हणून लोक हसतील एवढंच माझ्या डोक्यात होतं. बॅटरी मुद्दाम उतरू दिली, बंद पडद्याचे फोटो काढले आणि फोन पुन्हा लिलावात टाकला. खाली लिहिलं, 'शिक्षकाच्या वापरातला.'

सर्वांत मोठी बोली निडीच्या एका बाईची आली. चौकशीसाठी तिने फोन केला आणि आवाजावरून मला ओळखलं. तिच्या गावच्या शाळेत मी काही वर्षं होतो, ती माझ्या वर्गात होती. आता रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जायची. ओळख निघाली की आमच्याकडे जे होतं तेच झालं. आपल्यातल्या व्यवहारात साइट कशाला, असं मीच म्हणालो आणि लिलाव रद्द केला. त्यामुळे पावती नाही, साइटवर नोंद नाही.

निडी स्टेशनच्या बाकावर रोख पैसे घेऊन मी खोका तिच्या हातात दिला. चालू करून बघ, असं म्हणालो नाही. तीच म्हणाली, "तुमच्यासमोर काय तपासायचं गुरुजी? बरं दिसतं काय ते?" खोका पिशवीत घालून ती वाकून माझ्या पाया पडली.

घरी जाऊन तिने फोन चार्जिंगला लावला. तिलाही ती अक्षरं दिसली. तिने मला फोन लावला, मी उचलला नाही. मग जे मी करायला हवं होतं ते तिने केलं, त्या नंबरवर कळवलं. मालकाने चोरीची तक्रार आधीच दिलेली होती. तिला ठाण्यात बोलावलं. तिने माझं नाव सांगितलं.

हवालदाराने फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "शाळेत होती माझ्याकडे. फोनबिन मी काही दिलेला नाही."

तो म्हणाला, "तेच म्हटलं. माफ करा गुरुजी, उगीच त्रास दिला."

तिच्यावर गुन्हा लागला नाही. पण चोरीचा फोन घेते आणि वर गुरुजींवर आळ घेते, हे रोह्यापर्यंत पोचलं. ठेकेदाराने तिचा कंपनीचा गेटपास काढून घेतला, काम गेलं.

तेव्हापासून कोणताही पडदा उजळायच्या आधी मला त्यावर ती अक्षरं दिसतात. बायकोच्या फोनवर, एटीएमवर. नात फोटो दाखवायला फोन पुढे करते, तेव्हा मी चष्मा शोधायच्या निमित्ताने उठून जातो.

तीन वर्षांनी निडीला गेलो. ती अंगणात पापड वाळत घालत होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला काय सांगता? मला ठाऊकच हाय," ती म्हणाली. "गेटवर सांगा."

दुसऱ्या दिवशी रोह्याला शिफ्ट सुटताना ठेकेदाराला गाठलं. त्याने मला खुर्ची दिली, जुनं झालं, या वयात कशाला उकरता म्हणाला. मी बसलो नाही. बोलताना आवाज चढला असावा, कारण पॅकिंगच्या बायका थांबून ऐकू लागल्या.

एकीने विचारलं, "म्हणजे ती खोटं बोलली नाय?"

"नाही. मी बोललो."

"मग शाळेत शिकवायचात काय हो तुम्ही?" दुसरी म्हणाली. कोणी हसलं नाही.

ठेकेदाराला मी सहीनिशी लेखी दिलं, एक प्रत ठाण्यात दिली. तिचा पास अजून मिळालेला नाही. ठेकेदार बघू म्हणतो. मी दर सोमवारी जाऊन विचारतो.