रिकाम्या रांगेत उमटलेली रेघ

आमच्या संस्थेत दुसऱ्या मजल्यावर एक संशोधक बाई होत्या. सगळे त्यांना चिठ्ठीबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर नुसतं 'बाई'. हे नाव कुणी पाडलं ते विचारू नका. मी सत्तावीस वर्षं संस्थेच्या भांडारात होतो, आणि बाटल्या-नळ्यांइतकीच टोपणनावंही तिथूनच वाटली जायची.

नको झालेलं प्रथिन पेशी कसं घालवते, हा बाईंचा विषय. काउंटरवर कोपर टेकून त्यांनी तो मला एकदा समजावला होता. पेशीत प्रथिनं सारखी तयार होतात, झिजतात, बिघडतात. ज्याला घालवायचं त्याच्या पाठीवर पेशी एक बारीकशी चिठ्ठी चिकटवते. त्या चिठ्ठीवर दुसरी, मग तिसरी. चारेक झाल्या की पिंपासारखं एक यंत्र त्याला आत ओढतं आणि तुकडे करून बाहेर सोडतं. चिठ्ठ्या तेवढ्या सोडवून पुन्हा वापरायला ठेवतात.

"म्हणजे आमच्या संचालकांसारखंच की," मी म्हणालो. "आधी पाठीवर चिठ्ठी, मग माणूस गायब."

बाई हसल्या नाहीत. "फरक आहे. पेशी सहसा उगाच कुणाला काढत नाही."

अशा होत्या. विनोद केला तर त्यातली चूक दुरुस्त करून परत देणार.

त्यांचं नाव झालं ते एका शोधामुळे. माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळला की त्याचे स्नायू वाळत जातात. त्या वाळण्याआधी स्नायूंतल्या एका ठराविक प्रथिनावर चिठ्ठ्या लागतात आणि तेच पहिल्यांदा जातं, असं बाईंनी दाखवलं. सोबत त्यांची पहिली विद्यार्थिनी होती. तिला मी वावटळ म्हणायचो, कारण ती व्हरांड्यातून गेली की नोटीस बोर्डावरचे कागद फडफडायचे. पुढे वावटळ दुसऱ्या शहरातल्या संस्थेत लागली, आणि तिथे याच शोधावर तिने आपली अख्खी प्रयोगशाळा उभी केली. चिठ्ठी लागणंच थांबवणारं औषध शोधायचं, म्हणजे खाटेवरच्या माणसाचे हातपाय वाचतील. सोळा वर्षं हे चाललं होतं. बाईंना मूलबाळ नव्हतं. वावटळीचा फोन आला की त्या खुर्ची खिडकीकडे वळवून बोलायच्या.

आता हे प्रथिन दिसतं कसं, तेवढं सांगतो. पेशींचा रस जेलीसारख्या पातळ वडीतून रांगारांगांनी पळवतात; हलकी प्रथिनं पुढे जातात, जड मागे राहतात. मग अँटिबॉडी नावाचं द्रावण त्यावर सोडतात. ते म्हणजे हजारांच्या गर्दीत एकालाच ओळखणारा खबऱ्या. तो ज्याच्यावर बसेल तिथे काळी रेघ उमटते. बाईंचा दंडक असा, की शेवटची रांग अशा पेशींची ठेवायची ज्यात काहीच दिसू नये. खबऱ्या खोटं बोलतोय का, ते तिथे कळतं. पण त्या काळी ते प्रथिन अजिबात नसलेल्या पेशी मिळतच नसत. म्हणून ज्यात ते फार थोडं असतं अशा यकृताच्या पेशी घातल्या. रेघ फिकी आली. सगळे खूश झाले. बाईसुद्धा.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना बाईंनी, निव्वळ टापटिपीची हौस म्हणून, त्या प्रथिनाचं जनुकच कापून टाकलेल्या पेशी तयार करून घेतल्या. आता हे सोपं झालं आहे. शेवटच्या रांगेत त्यांचा रस घातला.

रेघ आली. चांगली ठसठशीत.

त्या दिवशी बाई भांडारात आल्या त्या चपलांचा आवाज न करता. "अँटिबॉडीची नवी बाटली मागवा. ही खराब झाली असावी."

नवी बाटली आली. रेघ तशीच. जनुक खरंच कापलंय का, हे बाईंनी अक्षर न् अक्षर वाचून पाहिलं. कापलं होतं. म्हणजे सोळा वर्षं ज्याच्या दारावर पाळत ठेवली, तो इसम त्या घरात राहतच नव्हता. त्याच वजनाचा दुसराच कुणीतरी होता, आणि खबऱ्या त्याच्याकडे बोट दाखवत होता.

बाईंनी वावटळीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजर. मी हातमोज्यांचं खोकं घेऊन वर गेलो. हातमोजे कुणीही मागवले नव्हते, कबूल करतो.

"बाई, तीन आठवडे थांबा," वावटळ सांगत होती. "फक्त तीन. समितीची बैठक होऊ दे, मला कायम करू दे. मग आपण दोघी मिळून लिहू."

"आणि समिती कशावर तुला कायम करणार?"

"माझ्या कामावर!"

"त्याच रेघेवर ना?"

"तुम्हीच शिकवलीत ती रेघ मला. मी बावीस वर्षांची होते. तुम्ही म्हणालात बरोबर आहे, मी म्हटलं बरोबर आहे."

"हो. ते माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"मग त्याचं मी का भरायचं? तुम्हाला काय, तुम्ही चाललात घरी."

"अगं, काल एका मुलीचं पत्र आलंय. याच विषयावर पीएचडी करायचीय तिला, पुढच्या सोमवारी नाव नोंदवतेय. तिला काय सांगू? तीन आठवडे थांब, मग सांगते?"

"तिचं भलं बरं दिसतं तुम्हाला," वावटळ म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. दारात मी उभा. "काका, ऐकून झालं असेल तर वाट द्या."

मी खोकं पोटाशी धरून बाजूला झालो.

बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात बसायचे. माझी दांडी सैल झाली होती, म्हणून त्या संध्याकाळी गेलो. मोठा गमत्या माणूस, पण त्या दिवशी पेचकस हातातच धरून बसलेला. "जेवताना बोलत नाही हो ती," ते म्हणाले. "मी म्हटलं, माझ्याकडेही चुकीचा नंबर निघतो कधी, मी काच बदलून देतो, एवढं काय त्यात? तर म्हणाली, तुमचा चष्मा एकाच्या नाकावर असतो."

तो शोध ज्यात छापून आला होता, त्या नियतकालिकाला शनिवारी बाईंनी पत्र पाठवलं: निबंध मागे घ्यावा, चूक माझी, तपासणीची पद्धत मी ठरवली होती. निबंधावर नावं तिघांची. तिसरे गृहस्थ, बाईंचे जुने सहकारी, हो म्हणाले. वावटळीने उत्तरच दिलं नाही. मग छापून आलं की एका लेखिकेची संमती मिळालेली नाही. त्या मुलीलाही बाईंनी त्याच दिवशी कळवलं. तिने विषय बदलला. आभाराची एक ओळ आली, बस.

वावटळीची फाइल समितीने बाजूला ठेवली. दोन वर्षांनी पुन्हा बघू, म्हणाले.

आमच्याकडे व्हरांड्यात चर्चेला ऊत आला. कुणी म्हणालं, म्हातारीला मोठेपणा हवा होता. कुणी म्हणालं, पोरीचा गळा कापला. मीही म्हणालो, चहा पिता पिता, की जाता जाता शहाणपण सुचलं बाईंना. सगळे हसले. ते वाक्य माझं होतं. ते माझ्याआधी दुसऱ्या मजल्यावर पोचलं होतं, हे मला नंतर कळलं. बाईंनी त्याबद्दल माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही.

उरलेले महिने त्या एकट्याच काम करत होत्या. ती रेघ मग कुणाची, हे शोधत होत्या. सापडला शेवटी तो इसम. एक अगदी साधं प्रथिन, पेशीत झाडलोट करणारं म्हणा. त्याच्यावरही चिठ्ठ्या लागतात, पण तशा हजारोंवर लागतात. बाईंनी दोन पानांचा निबंध लिहिला. कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

सात महिने वावटळीचा फोन आला नाही. निवृत्तीला अकरा दिवस असताना, दुपारी, बाई भांडारात आल्या आणि म्हणाल्या, "थर्माकोलचं खोकं द्या. आणि सुका बर्फ, पाच किलो."

"कुठे पाठवताय?"

त्यांनी पत्ता लिहिलेला कागद पुढे केला. वावटळीचा होता.

मी कागद दोनदा वाचला. "बोलली?"

"चार मिनिटं. जनुक कापलेल्या पेशी मागितल्यात. स्वतः करून बघायचंय म्हणे."

"आणखी काही? तब्येत वगैरे?"

"नाही. पेशी कुठल्या द्रवात वाढवायच्या, किती दिवसांनी वेगवेगळ्या बशांत वाटायच्या, तेवढंच." खोक्याच्या कडा त्या बोटाने चाचपत होत्या, कुठे फट आहे का बघत. "बरोबरच विचारलंन. मी सांगितलं ते नीट उतरवून घेतलंन."

मी बर्फ मोजून दिला. बाईंनी गोठवलेल्या नळ्या वरून आणल्या, एकेक करून बर्फात खोचल्या आणि झाकणाला चिकटपट्टी मारायला मला सांगितलं.

"दोनच मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी तीन ठेवल्यात. प्रवासात एखादी मरते."